हनुवटी थोडी खाली, हसू घरी ठेवून या

पासपोर्टचा फोटो काढायला निघालात? दाढी करून, केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून? इथेच चुकलात. या फोटोत आपण बरं दिसायचं असतं, हे आधी डोक्यातून काढून टाका. लग्नाच्या बायोडेटाला लावायचा फोटो वेगळा. तो बघणारा निदान पसंत करायच्या इराद्याने बघतो. हा फोटो बघणारा मात्र ‘हा नक्की तोच का?’ असं मनात धरूनच बघणार, आणि त्याला पगार त्याचाच मिळतो. तेव्हा त्याला सहकार्य करा. चेहऱ्यावर काहीतरी लपवत असल्याची हलकीशी छटा आणा. नाही जमली तरी काळजी नको, स्टुडिओतला दिवा ती आपोआप आणतो.

आमच्या गल्लीतल्या स्टुडिओत खुंटीला एक कोट असायचा. मूळचा काळा. कुणाला ढगळ, कुणाला आखूड, पण फोटोत माणूस छातीपर्यंतच येतो, त्यामुळे फोटोग्राफर मागून चिमटे लावून तो बेतून द्यायचा. दोरीवर कपडे वाळत घालायचे तेच चिमटे. आरशापाशी पावडरचा डबा आणि एक कंगवा, त्यात आधीच्या गिऱ्हाइकाचे केस. “काका, हनुवटी थोडी खाली. खांदे सोडा. हसू नका.” आमच्या गल्लीतून दुबईला गेलेले, मस्कतला गेलेले, बोटीवर लागलेले, सगळे त्या एकाच कोटात गेले. तुमच्या गावात असा कोट अजून शिल्लक असेल तर डोळे मिटून तोच घाला. स्वतःच्या कोटाचं धाडस करू नका. का, ते कार्ल हान्स लोडीला विचारा.

विचारता येणार नाही म्हणा. 6 नोव्हेंबर 1914 रोजी सकाळी त्याला लंडनच्या टॉवरमध्ये गोळ्या घातल्या. त्या आवारात 167 वर्षांनी एखाद्याला मृत्युदंड दिला जात होता. लोडी हा जर्मन आरमाराचा राखीव अधिकारी. इंग्रजी फर्डं बोलायचा, तेही अमेरिकी वळणाचं. युद्ध पेटलं तेव्हा चार्ल्स इंग्लिस नावाच्या एका खऱ्याखुऱ्या अमेरिकी माणसाने बर्लिनमध्ये आपला पासपोर्ट शिक्क्यासाठी सरकारी कचेरीत दिला होता. कचेरीने तो गहाळ केला. आपल्या कचेऱ्यांत गहाळ झालेला कागद खरोखरच गहाळ होतो. जर्मन लोक त्यातही शिस्तीचे. गहाळ झालेला पासपोर्ट बरोबर लोडीच्या खिशात सापडला.

त्या पासपोर्टवर फोटो नव्हता. त्या काळी अमेरिकी पासपोर्टवर फोटो नसायचाच. ज्याच्या हाती पासपोर्ट तो इंग्लिस, इतका साधा मामला. लोडी एडिंबरोत उतरला, भाड्याने सायकल घेतली आणि समुद्रकाठाने हिंडत आरमाराची जहाजं बघू लागला. बातम्या तो स्टॉकहोमच्या पत्त्यावर पाठवायचा, त्या इंग्रज निवांत वाचायचे. स्कॉटलंडमधून रशियन सैन्य चाललंय अशी एक लोणकढी थाप तेव्हा गावभर पसरली होती. लोडीने ती खरी मानून कळवली. इंग्रजांनी ते पत्र आनंदाने पुढे जाऊ दिलं. शेवटी ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमध्ये त्याला पकडलं. पासपोर्ट बघितला तर अस्सल. कोट बघितला तर आत बर्लिनच्या शिंप्याची चिठ्ठी, आणि तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव: लोडी.

यावरून कोणत्याही समंजस माणसाने शिंप्यांना हाताशी धरायला हवं होतं. सरकारांनी फोटोग्राफरला धरलं. 1914 साल संपता संपता अमेरिकेने पासपोर्टला फोटो सक्तीचा केला आणि 1915 मध्ये ब्रिटनचा फोटोवाला पासपोर्ट आला. तुम्ही आज स्टुलावर ताठ बसून पापणी न हलवता जे सहन करता, त्याच्या मुळाशी एका गुप्तहेराची ही सायकल-सहल आहे.

त्याआधी माणसं ओळखू येत नव्हती, असं मात्र समजू नका. आग्र्याच्या पेटाऱ्यांना फोटो लागला नव्हता हे खरं, पण प्रत्येकाचंच नशीब तसं नसतं. 1791 च्या जूनमध्ये फ्रान्सचा सोळावा लुई बायकामुलांसह पॅरिसहून पळाला. पासपोर्ट एका रशियन सरदारणीच्या नावाचा, आणि राजा त्यात तिचा नोकर. वाटेत सँत-मनू नावाच्या गावी द्रुए या टपालनाक्याच्या प्रमुखाला नोकराचा चेहरा कुठेतरी बघितल्यासारखा वाटला. सांगतात ते असं की, त्याने तो चेहरा नोटेवर बघितला होता. वारेनला गाडी अडवली, पुढचं सर्वांना माहीत आहे. थोडक्यात, पासपोर्टवर नसलेला फोटो खिशातल्या नोटेवर होता. तेव्हा तुम्हाला सुखाने प्रवास करायचा असेल तर नोटेवर चित्र छापलं जाईल इतके मोठे होऊ नका. बहुतेकांना हा सल्ला पाळणं जड जाणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, फोटोत चोरासारखं दिसायला का सांगताय? कारण हे शास्त्र चोरांसाठीच तयार झालं. पॅरिसच्या पोलीस खात्यात आल्फाँस बर्तियाँ नावाचा एक कारकून होता. 1880 च्या दशकात त्याने पकडलेल्या माणसांची मापं घ्यायला सुरुवात केली. डोक्याची लांबी, डोक्याची रुंदी, मधलं बोट, डावं पाऊल. जोडीला दोन फोटो, एक समोरून आणि एक बाजूने. प्रकाश ठरलेला, अंतर ठरलेलं, खुर्ची ठरलेली. कानावर त्याचा फार जीव. माणूस दाढी वाढवेल, टक्कल पाडून घेईल, पण कान काही बदलत नाही, असं त्याचं म्हणणं.

ही कानाची भक्ती पुढे इतकी टिकली की अमेरिकेच्या ग्रीन कार्डाला 2004 पर्यंत चेहरा तीन-चतुर्थांश वळवलेला आणि उजवा कान उघडा, असाच फोटो लागायचा. आपल्याकडून तिकडे गेलेल्या कितीतरी संगणकवाल्यांनी हा कानाचा फोटो दिलाय. उजव्याच कानाच्या पाळीवर भिकबाळी घालणाऱ्या पुणेकराला अमेरिकी सरकारने एवढी आयती संधी दिली होती, ती 2004 साली गेली. आता सगळे समोरून.

चोरांनंतर कुणाचा नंबर लागला? खरं तर चोरांच्याही आधी लागलेला एक नंबर आहे, आणि इथे कॉलर जरा ताठ करायला हरकत नाही, कारण त्यात आपली माणसं आहेत. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटिया मजूर नेत, त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकणी लोक होते, रत्नागिरीकडचे. आज तिकडे जो मराठी समाज आहे, तो त्यांचा. तर 1860 च्या दशकात तिथल्या सरकारला पेच पडला. करार संपलेला मजूर मोकळा होतो, मोकळा माणूस कुठेही जातो, आणि सगळे सारखेच दिसतात. अर्थात सगळे सारखे दिसतात हे मळेवाल्यांचं मत. मजुरांनाही मळेवाले सारखेच दिसत असतील, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

मग 1867 चा कायदा आला. करार पुरा केलेल्या प्रत्येक मजुराने ‘जुना स्थलांतरित’ म्हणून तिकीट जवळ बाळगायचं आणि तिकिटावर स्वतःचा फोटो. रस्त्यात शिपायाने अडवलं आणि तिकीट दाखवता आलं नाही, की भटक्या म्हणून आत. आयुष्यात कधी आरशात नीट चेहरा न बघितलेला माणूस कॅमेऱ्यासमोर उभा केला गेला, आणि त्याला जे हाती मिळालं तो त्याचा फोटो नव्हता, तुरुंगाबाहेर राहण्याची पावती होती. 1871 मध्ये आदोल्फ द प्लेव्हिट्झ या गोऱ्या मळेवाल्याच्या पुढाकाराने मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर नऊ हजारांहून जास्त सह्या-अंगठे होते. त्यात या तिकिटांच्या जाचाचंही गाऱ्हाणं होतं.

ते फोटो आज मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दफ्तरात जपून ठेवलेत. पणतू-खापरपणतू तिथे येऊन आपला पूर्वज शोधतात. त्या चेहऱ्यांवर हसू नाही, नजर सरळ, ओठ मिटलेले. आंतरराष्ट्रीय नियमात आज जे-जे मागतात ते सगळं त्यांनी तेव्हाच करून ठेवलं होतं. म्हणजे कोकणातला माणूस फोटोवाल्या ओळखपत्राच्या बाबतीत लंडनच्या साहेबाच्या जवळजवळ पन्नास वर्षं पुढे होता. एरवी कोकणाला रेल्वे पोचायला किती उशीर झाला ते आपण जाणतोच, पण इथे मागासलेपणाचा आरोप करता येणार नाही.

अमेरिकेने हीच युक्ती चिनी मजुरांवर केली. 1892 च्या कायद्याने त्यांना राहण्याचा दाखला सक्तीचा केला, पुढच्या वर्षी त्यावर फोटो आला. चिनी लोकांनी विरोध केला, कोर्टात गेले, हरले.

तर क्रम असा: मजूर, चोर, चिनी, आणि 1914 नंतर तुम्ही-आम्ही सगळे. बढती अशी हळूहळूच मिळते.

गोऱ्या साहेबाला ही बढती मुळीच रुचली नाही. तोवर त्याचा पासपोर्ट म्हणजे परराष्ट्रमंत्र्याने सही केलेला एक ऐटबाज कागद. ‘याला सांभाळून घ्या’ असं सांगणारा. आता त्यावर फोटो, आणि वर नाक कसं, कपाळ कसं, चेहऱ्याची ठेवण कशी, असल्या चौकश्या. बॅसेट डिग्बी नावाच्या प्रवासी लेखकाने 1915 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून तक्रार केली. अर्जात चेहऱ्याच्या रकान्यात त्याने ‘बुद्धिमान’ असं लिहिलं होतं. पासपोर्ट हातात आला तेव्हा कुणा अनोळखी कारकुनाने तिथे ‘लांबट गोल’ करून टाकलं होतं. माझ्या मते कारकुनाची बाजू बरोबर आहे. बुद्धिमान चेहरा खिडकीपलीकडून पडताळता येत नाही. तुम्हीही अर्ज भरताना स्वतःबद्दल जे वाटतं ते लिहू नका. भूमितीत बसेल तेवढंच लिहा.

फोटो कसा असावा याचे नियम मात्र सुरुवातीला नव्हतेच. लोक घरातल्या अल्बममधून काढून द्यायचे. कुणी हॅट घालून, कुणी बागेत, कुणी बायकोमुलांसकट. 1920 साली राष्ट्रसंघाच्या वतीने पॅरिसला परिषद भरली आणि 32 पानांच्या पुस्तिकेचा नमुना ठरला. त्याच वर्षी हिंदुस्थानातही पासपोर्टचा कायदा झाला. ब्रिटिश नमुन्याच्या पुस्तिकेत नवरा-बायकोला मिळून एकच पासपोर्ट काढता यायचा. एका बाजूला त्याचा फोटो, शेजारी तिचा, खाली मुलांची नावं. रेशनकार्डाचा श्रीमंत चुलतभाऊच म्हणा. त्यावर नवरा एकटा जगभर हिंडू शके. बायको एकटी निघाली तर तोच पासपोर्ट चालत नसे, जरी फोटोत तीच जास्त ओळखू येत असली तरी.

आपल्याकडे 1967 पर्यंत पासपोर्ट द्यायचा की नाही ही सरकारची मर्जी होती. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, तेव्हा कुठे धावतपळत पासपोर्टचा नवा कायदा आला. त्याआधीचे फोटो घरात असतील तर काढून बघा. सगळे थोडे अजिजीने बघताना दिसतील. ती कला आता लोप पावत चाललीय.

आता हसण्याकडे वळू, कारण सगळ्यात जास्त अर्ज तिथेच घसरतात. विमानवाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना कॅनडातल्या माँट्रियलला बसते. तिच्या 9303 क्रमांकाच्या दस्तऐवजात तुमच्या चेहऱ्याचं भवितव्य लिहिलंय. भाव तटस्थ, तोंड मिटलेलं, डोळे उघडे. ब्रिटनने 2004 मध्ये हे अंमलात आणलं तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांना फार वाईट वाटलं. इंग्रज माणूस एरवी किती हसतो हा भाग सोडा. कारण असं की, चेहरा आता माणूस बघत नाही, यंत्र बघतं. दोन डोळ्यांमधलं अंतर, नाक, जिवणी यांची मापं घेतं. हसलं की गाल वर चढतात, डोळे बारीक होतात आणि यंत्राचा हिशेब चुकतो. बर्तियाँची पट्टी परत आलीय, फक्त आता ती कवटीला टेकवत नाहीत.

चष्माही काढा. अमेरिकेने 1 नोव्हेंबर 2016 पासून फोटोत चष्म्याला बंदी केली. म्हणजे जो चेहरा घेऊन तुम्ही चाळीस वर्षं वावरताय, शेजारीपाजारी ज्या चेहऱ्याने तुम्हाला ओळखतात, तो ओळखीसाठी अपात्र. बिनचष्म्याचा जो चेहरा स्वतः तुम्हालाच आरशात धड दिसत नाही, तो अधिकृत.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी खास सूचना. 1 सप्टेंबर 2025 पासून भारतीय दूतावासांना फोटो 630 गुणिले 810 पिक्सेलचा लागतो आणि त्यात 80 ते 85 टक्के चेहराच हवा. उरलेल्या जागेत खांदे, मान आणि तुमचं व्यक्तिमत्त्व बसवा. घरच्या भिंतीवर पांढरी चादर लावून, नवऱ्याच्या हाती मोबाइल देऊन हा फोटो काढण्याचे बेत करू नका. चाळीसाव्या फोटोनंतर संसारात जे बोललं जातं, त्यापुढे दुकानातले पंधरा डॉलर स्वस्त पडतात.

तान्ह्या बाळाचा असेल तर आणखी सोपं. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो इथल्या पासपोर्ट सेवा केंद्रातही आपणच न्यायचा असतो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर. तीन महिन्यांच्या जिवाने समोर बघायचं, तोंड मिटायचं, डोळे उघडे ठेवायचे, आणि त्याला धरणारा हात फोटोत यायला नको. आमच्याकडे त्यासाठी आजीला पांढऱ्या चादरीखाली बसवलं आणि तिच्या मांडीवर नातवाला. पोराचा फोटो छान आला. नीट बघितलं तर मागची पार्श्वभूमी श्वास घेताना दिसते.

एवढं सगळं केल्यावर तोतयेगिरी बंद झाली असणार, असं वाटतं ना? 1941 च्या मार्चमध्ये काबूलहून एक इटालियन गृहस्थ निघाले, मॉस्कोमार्गे बर्लिनला पोचले. नाव ऑर्लांडो माझोटा. पासपोर्ट इटालियन वकिलातीचा, त्यावर फोटो चिकटवलेला, आणि फोटोतला माणूस व समोरचा माणूस अगदी एकच. कुठेही शंका घ्यायला जागा नाही. तो माणूस सुभाषचंद्र बोस होता. लोडीच्या वेळी फोटो नव्हता म्हणून पासपोर्ट खोटा ठरू शकला नाही. सुभाषबाबूंच्या वेळी फोटो होता म्हणून तो खरा ठरला. फोटो कधीच खोटं बोलत नाही. तो फक्त सांगतो की हा चेहरा या कागदावर आहे. कागद कुणाचा, हे त्याला विचारलेलंच नसतं.

आता तो चिकटवलेला फोटो, अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर मारलेला शिक्का, सगळं गेलं. हाताने लिहिलेले पासपोर्ट नोव्हेंबर 2015 पासून जगात चालेनासे झाले. 2024 मध्ये नागपूर आणि भुवनेश्वरला चिप घातलेल्या पासपोर्टची चाचणी सुरू झाली. पुस्तिका पूर्वीसारखीच नाशिकरोडच्या छापखान्यातून येते, फक्त चेहरा आता जाड कव्हरच्या आत आकड्यांच्या रूपात दडलेला असतो. मोठ्या माणसांनी सेवा केंद्रात फोटो न्यायचाच नसतो. खिडकीवरच्या ताईंसमोर एका दांडीला लावलेला छोटा कॅमेरा असतो. तुम्ही खुर्ची पुढे ओढावी, घसा साफ करावा, चेहऱ्याची जुळवाजुळव करावी, तोवर त्या म्हणतात, “झालं.” पडद्यावर जो दिसतो तो तुम्हीच, दहा वर्षांसाठी. शर्ट तेवढा पांढरा घालून जाऊ नका. मागचा पडदाही पांढरा असल्यामुळे मुंडकं हवेत तरंगल्यासारखं दिसतं. मी घालून गेलो होतो.

तो पासपोर्ट घरी आल्यावर मी मुद्दाम गल्लीतल्या स्टुडिओत गेलो. फोटोग्राफरचा मुलगा आता तिथे बसतो. बँकेचं केवायसी, शाळेचा प्रवेश, बसचा पास, यांना फोटो अजून लागतात, त्यावर चाललंय. खुंटीला कोट नव्हता. विचारलं तर म्हणाला, “काका, तो कधीच फाटला. पण काळजी नको, कॉम्प्युटरमध्ये आहे.” त्याने दाखवला. वडिलांनी जुन्या कोटाचा फोटो काढून ठेवला होता. आता कुणाचंही मुंडकं कापून त्यावर बसवतो, चिमटेसुद्धा लागत नाहीत. माझंही बसवून दिलं, आठ प्रती, ओले फोटो पाकिटात घालून.

मी त्याला कोट जरा मोठा करून दाखवायला सांगितलं. त्याने केला. डावीकडचं अस्तर कडेला थोडं दिसत होतं. चिठ्ठी दिसली नाही.